सगळ्यांना अबूला पाठवणारे काका

शनिवारी निघू नका, असं काका प्रत्येकाला बजावायचे. शनिवारी अर्धं जयपूर अबूला निघतं. शुक्रवारची दुपारची गाडी धरा. अबू रोडला उतरलात की फलाटावर रबडी खा, पण थोडीच, कारण पुढं घाट आहे. जीपमध्ये पुढं बसा, मागं बसलात तर बायकोला मळमळेल आणि पहिल्याच संध्याकाळी भांडण होईल. तलावावर सकाळी जा. संध्याकाळी तिथं माणसांचे फोटो काढणाऱ्या माणसांचीच गर्दी असते. आणि गुरुशिखरावर चढायचं ते उन्हं तापायच्या आत, पायऱ्या संपल्या की आधी दत्ताचं दर्शन, मग घंटा, मग खालचं दृश्य. हा क्रम चुकवायचा नाही.

हे सगळं ते डोळे अर्धवट मिटून, समोर दिसत असल्यासारखं सांगायचे. मी मिरजेहून बदलून नवा नवा जयपूरला आलो होतो, लग्नही नवंच होतं, त्यामुळं मी भारावून ऐकलं आणि विचारलं, "काका, तुम्ही किती वेळा गेलाय?" तर टेबलाभोवतीचे सगळे हसायला लागले. काका एकदाही गेलेले नव्हते. परत आलेल्या प्रत्येकाची ते सरकारी वकिलासारखी उलटतपासणी घ्यायचे, आणि त्या जबान्यांतून त्यांचं अबू तयार झालं होतं.

आमचं खातं समजल्याशिवाय काका समजायचे नाहीत, म्हणून थोडं सांगतो. रेल्वेचं कंट्रोल ऑफिस म्हणजे गाड्या चालवणारी खोली, पण त्या खोलीतून गाडी दिसत नाही. आमच्या खोलीला तर खिडकीच नव्हती. एकेका स्टेशनवरचा माणूस फोनवर सांगतो, अमुक गाडी आली, तमुक गेली, आणि आम्ही तक्त्यावर तिची रेष पुढं ओढतो. कुठली गाडी पुढं काढायची आणि कुठली बाजूच्या लूप लाइनवर उभी करायची, हे आम्ही ठरवायचं. काका आमच्या पाळीचे मुख्य. सारी नोकरी त्यांनी न दिसणाऱ्या गाड्या हाकण्यात घालवली. आता तक्ता कॉम्प्युटरवर आला होता, तरी काकांच्या कानावर पेन्सिल असायचीच आणि स्क्रीनसमोर बसूनही ते हवेत रेष ओढायचे.

माणूस मोठा वल्ली. फोनवर आलेला निरोप ऐकणाऱ्यानं पुन्हा म्हणून दाखवायचा, ही आमची कामाची पद्धत, म्हणजे चूक राहत नाही. काकांनी ती घरात नेली होती. काकू म्हणायच्या, "दूध संपलं." काका म्हणायचे, "दूध संपलं, बरोबर." काकू म्हणायच्या, "जेवाले चला." काका म्हणायचे, "जेवायला चला, बरोबर," आणि पेपर वाचत बसायचे. निरोप पोचल्याचं समाधान दोघांनाही मिळायचं, जेवण गार व्हायचं. एकदा त्यांचा मुलगा बंगळूरहून फोनवर चिडून म्हणाला, "मतलब, बाबा, मी काही स्टेशनमास्टर आहे का?" त्यावर काका म्हणाले, "स्टेशनमास्टर नाही, बरोबर." मी समोरच होतो. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

रेल्वे कॉलनीत आमचं घर त्यांच्या शेजारच्या जिन्यात. काकू पुसद-माहूरच्या बाजूच्या, बोलणं अजून पक्कं तिकडचं. इतकी वर्षं राजस्थानात काढून त्या हिंदी शिकल्या ती भाजीवाल्या भैयापुरती. बाजरीची भाकरी त्या करायच्या, पण दर वेळी ज्वारीची आठवण काढून, जणू बाजरी त्यांच्याकडं न विचारता राहायला आली होती. आमच्या गच्चीवरून नाहरगडचे डोंगर दिसतात. मी कौतुकानं दाखवले तर म्हणाल्या, "भाऊ, हे काय डोंगर हायत? हे तर उन्हात ठेवलेले दगडं." त्यांच्या माहेरच्या शेतातून माहूरचं दत्तशिखर दिसायचं. सकाळी उठून अंगणात आलं की पहिला नमस्कार शिखराला, मग चूल. लग्न होऊन इकडं आल्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं, अबूच्याही वर दत्ताचं शिखर आहे, या साऱ्या मुलखात सगळ्यांत उंच. तेव्हापासून त्यांनी नवऱ्याकडं एकच मागितलं होतं. दागिना नाही, घर नाही. एक शनिवार-रविवार अबूला जाऊन यायचं.

नवऱ्यानं कधी नाही म्हटलं नाही, हीच तर अडचण होती. नाही म्हटलं असतं तर बाई भांडली असती, भावाला घेऊन गेली असती. काका तर दर थोड्या दिवसांनी बेत आखायला बसायचे. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा ग्लास म्हणजे जयपूर, मिठाची बरणी म्हणजे अजमेर, लोणच्याची वाटी म्हणजे अबू रोड. मग सुरू. उन्हाळ्यात नको, डोंगर करपलेले असतात. ऐन पावसाळ्यात नको, ढगात काही दिसत नाही. दिवाळीत नको, सगळा गुजरात तिथं उतरतो. थंडीत नको, काकूंचे गुडघे. चाळणीतून गाळत गाळत वर्षातले दोन-तीनच आठवडे उरायचे. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर हिरवे, हवा धुतलेली. "जायचं तर तेव्हाच," काका म्हणायचे, "नाहीतर जाऊन न गेल्यासारखं." काकू मान डोलवायच्या. नेमके ते दोन-तीन आठवडे आले की ऑफिसातल्या कुणालातरी सुट्टी हवी असायची.

आमच्यात रविवार नसतो. ज्याचा आठवड्याचा जो रेस्ट, तोच त्याचा रविवार. खऱ्या शनिवार-रविवारी रेस्ट मिळवायचा तर पाळीच्या मुख्याला मस्का लावायचा, आणि काकांना मस्का लागायचाच नाही, ते आधीच विरघळलेले. याचं नवं लग्न, त्याची मुलं लहान, तिसऱ्याचे आईवडील गावाहून आलेत, त्यांना चाकसूला शीतलामातेच्या दर्शनाला न्यायचंय. सगळ्यांना सुट्ट्या देऊन राहिलेल्या पाळ्या काका स्वतः करायचे. मलाही लग्नानंतर अबूला त्यांनीच पाठवलं. स्टेशनवर सोडायला आले, खिडकीशी उभं राहून पुन्हा सगळा क्रम म्हणून घेतला माझ्याकडून. माझी बायको तो प्रसंग अजून सांगते.

काकूंचा विषय काढला की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "लूपमध्ये उभी केलेली गाडी हरवत नाही." म्हणजे मेल-एक्सप्रेस पुढं जाऊ द्यायच्या, पॅसेंजर बाजूला थांबते, तिला उशीर झाला तरी ती पोचते. कामात हे खरंच आहे. पॅसेंजरमधली माणसं खाली उतरतात, पाय मोकळे करतात, शेंगा खातात आणि पुन्हा चढतात. काकांचा त्यावर मनापासून विश्वास होता. बायकोवर त्यांचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. पण त्यांच्या हिशेबात ती घरची गाडी होती आणि घरच्या गाडीला थांबवताना कुणाला विचारावं लागत नाही.

मग काकूंचे डोळे बिघडले. साखर जुनीच होती. आधी त्यांना सुईत दोरा ओवता येईना, मग जिन्यात अंदाज चुकायला लागला, मग एके दिवशी म्हणाल्या, "भाऊ, माह्या डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं आलं, पुसलं तरी जात नाही." सीतापुऱ्याकडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मीच स्कूटरवरून घेऊन गेलो, कारण काका ड्यूटीवर होते. डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, "माताजी, पर्दे में खून उतर रहा है. लेझरनं आम्ही पुढचं नुकसान लांबवू, पण जे गेलं ते परत येणार नाही." शेवटचं वाक्य त्यांनी हिंदीतच म्हटलं होतं, पण ते मला मराठीतच आठवतं. परत येताना काकू मागं बसल्या होत्या. सांगानेरच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या काकांले सांगा, मले फक्त एक डाव ते शिखर पाह्याचं हाय. मंग डोळे गेले तरी चालते."

मी सांगितलं. त्याच दुपारी, चहाच्या टपरीवर. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणून दाखवलं, "शिखर पाहायचंय, मग डोळे गेले तरी चालेल, बरोबर." माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "काका, म्हणून काय दाखवताय? घेऊन जा की!" ते म्हणाले, "जाऊ रे. पाऊस संपू दे. आत्ता गेलो तर ढगात तिला काय दिसणार? डोंगर कुठं पळून जातोय?"

"डोंगर नाही जात काका. डोळे जातायत."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं, पुन्हा कानावर ठेवली. मला वाटलं, आता माणूस हलला. आणि खरंच हलले. त्या वर्षी पाऊस सरताच त्यांनी स्वतःसाठी शुक्रवार ते रविवार मागून घेतला. सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या.

त्या शुक्रवारी माझी दुपारची पाळी होती. काकूंनी सकाळीच पोळ्या आणि तिळाची चटणी बांधली होती, हिरव्या काठाचं लुगडं नेसल्या होत्या. जाताना मला डबा दाखवून गेल्या. डोळा एक जवळजवळ गेला होता, दुसऱ्यानं त्यांना माणसं ओळखू यायची, लांबचं धूसर का होईना पण दिसायचं. त्या दिवशी आभाळ कोरं होतं. पण आदल्या दिवशी अवेळी जोराचा पाऊस होऊन बस्सीच्या पलीकडं रुळाखालची खडी वाहून गेली होती, आणि त्या बाजूच्या गाड्या एकमेकींच्या मागं अडकल्या होत्या. अबूकडं जाणारी दुपारची गाडी तिकडूनच यायची. आमच्या खोलीत नुसता गोंधळ, चारी फोनवर चार माणसं ओरडत होती.

आणि दार उघडून काका आत आले. पायात नवे बूट, खांद्याला पाण्याची बाटली, गळ्यात मफलर. कुणी बोलावलं नव्हतं. फलाटावर गाडी उशिरा असल्याची घोषणा ऐकली आणि हे जिना चढून वर. माझ्या खुर्चीमागं उभं राहून स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "ऊठ."

मी विचारलं, "काकू कुठायत?"

"खाली. बाकावर बसलीय. थांबेल ती. ऊठ लवकर."

मग त्यांनी जे काम केलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. एक मालगाडी या स्टेशनात दाबली, दुसरी त्या स्टेशनात, एका स्टेशनमास्तरला दटावलं, दुसऱ्याला बाबापुता केलं, आणि अडकलेल्या त्या साऱ्या गाड्यांच्या मधून अबूची गाडी अलगद बाहेर काढली. मी दोनदा म्हटलं, "काका, तुम्ही जा, मी काढतो." ते म्हणाले, "हिला मार्गी लावतो, मग जातो." गाडी जयपूरला आली, उभी राहिली, सुटली. पुढच्या स्टेशनवरून फोन आला, गाडी पास झाली, उशीर सगळा भरून निघाला. काकांनी दोन्ही हात वर केले. "राइट टाइम!" खोलीतले सगळे ओरडले. काका माझ्याकडं वळले, चेहरा फुललेला होता, आणि मी त्यांच्या खांद्यावरच्या बाटलीकडं बघत होतो. हळूहळू त्यांचंही लक्ष तिकडं गेलं.

मी त्यांच्यामागून धावत खाली उतरलो. काकू बाकावर तशाच बसल्या होत्या, मांडीवर डबा, पायाशी बॅग. गाडी त्यांच्या समोर येऊन उभी राहिली होती, माणसं चढली होती आणि गाडी निघून गेली होती. एकटीनं चढायचं कसं, आणि गाडीचा डबा कुठला ते वाचायचं कसं? काका त्यांच्यासमोर उभे राहिले. या माणसाला तेव्हा काय सुचावं? म्हणाले, "राइट टाइम सोडली गं."

काकू म्हणाल्या, "पाह्यली म्या. लाल डबे होते." मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. "पोळ्या हायत. भाऊ, तुमी बी बसा." आम्ही तिघं त्या बाकावर बसून अबूसाठी केलेल्या पोळ्या खाल्ल्या. मला काकांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडं बघवेना, आणि ते शेजारी बसून लहान मुलासारखे रडत होते, तेही बघवेना.

त्या हिवाळ्यात काकूंचा दुसरा डोळाही अधू झाला. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. काका रजा टाकून प्रत्येक वेळी बरोबर गेले, आता कुणाला सुट्टी दिली नाही. पण गाडीसारखा दवाखान्यात उशीर भरून निघत नाही. वसंत आला तेव्हा काकूंना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, कधीमधी एखादी सावली. काकांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. ऑफिसनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला, त्याला ते आले नाहीत. घरात मात्र निरोप म्हणून दाखवायची त्यांची जुनी सवय गेली होती. काकू काही म्हणाल्या की ते नुसते उठायचे आणि ते काम करायचे. काकूंना त्यामुळं चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मला म्हणाल्या, "आता ऐकू आलं का नाई, काही समजत नाही."

पाऊस संपला आणि काका माझ्या दारात आले. "आम्ही अबूला चाललोय. तू येतोस का? मला एकट्याला पायऱ्यांवर तिला सांभाळायला जमणार नाही." मी गेलो. गाडीत ते दोघं खिडकीशी समोरासमोर बसले होते. ओळखीचं प्रत्येक स्टेशन गेलं की काका दचकून बाहेर बघायचे. ब्यावरचा फलाट त्यांनी आयुष्यात हजारदा फोनवरून ऐकला होता, पहिल्यांदा पाहिला, आणि म्हणाले, "लहानच आहे की." अबू रोडला रबडी घेतली नाही. घाटात काकूंना पुढं बसवलं.

गुरुशिखरावर आम्ही सकाळी चढलो. एका बाजूनं काका, एका बाजूनं मी. काकू पायरी पायानं चाचपत, दत्ताचं नाव घेत चढत होत्या आणि मधे मधे थांबून वारा तोंडावर घेत होत्या. पादुकांपाशी त्यांना वाकवून आम्ही त्यांचे हात पादुकांवर ठेवले. त्यांनी ते कितीतरी वेळ काढले नाहीत, मागं रांग लागली. मग घंटा वाजवली. मग कठड्याशी आलो.

इतकं स्वच्छ दृश्य मी कुठल्याच डोंगरावरून पाहिलेलं नाही. मी आधी आलो होतो तेव्हा धुरकट होतं. आज हिरव्या रांगांमागं हिरव्या रांगा, खाली तळी चमकत होती, वाड्यावस्त्यांचे रस्ते दिसत होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. काकांनी ज्या हवेसाठी सगळं आयुष्य वाट बघितली होती, तीच ती हवा. त्यांनी काकूंचे दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि स्वतः शेजारी उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. बिचाऱ्याला दिसलेलं सांगायची सवयच नव्हती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी सांगितलेलं ऐकलं होतं.

काकूंनी मान उजवीकडं वळवली, मग डावीकडं. डोळे मोठे केले. वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "ढग हायत का जी?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली, मला तिथं उभं राहवेना.

"हो," काका म्हणाले. "फार ढग आहेत. काहीच दिसत नाहीये."

तेवढ्यात आमच्या पलीकडं उभी असलेली एक तरुण मुलगी नवऱ्याला मोठ्यानं म्हणाली, "देखो ना, आज तो एकदम साफ़ है! नीचे के गाँव तक दिख रहे हैं!"

काकूंना तेवढी हिंदी येत होती. काकांचे खांदे हलायला लागले होते. काकूंनी चाचपडत त्यांचा दंड शोधला, घट्ट धरला आणि म्हणाल्या, "असू द्या. ढग गेल्यावर पुन्हा येऊ."